तिकीट अर्धं झालं, पण पहाटेची गाडी कुठाय? (बायकांच्या नोकऱ्या आणि प्रवास)

रानजाई (धागाकर्ती)

मी एका एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, पुणे-सातारा पट्ट्यातली समजा. आमच्याकडे वायरिंग हार्नेसची (गाड्यांत बसणाऱ्या वायरींच्या जुडग्यांची) लाइन आहे. बारीक काम, म्हणून मुलीच घ्या असा वरून आदेश (त्या 'नाजूक बोटां'च्या समजुतीवर वेगळा धागा होईल). मुलाखतीला मुली येतात. आयटीआय झालेल्या, बारावी झालेल्या, काही नुकत्या लग्न होऊन आलेल्या. पगार सांगितला की मान डोलावतात. पीएफ, कॅन्टीन हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: "मॅडम, गाडी कुठपर्यंत येते?"

कंपनीची बस हायवेच्या फाट्यापर्यंत येते. फर्स्ट शिफ्ट सातची, म्हणजे फाट्यावर सव्वासहाला हजर. फाट्यापासून गाव चार-सहा किलोमीटर आत. गावातून पहिली गाडी निघते साडेसातच्या पुढे. मुलगी ऑफर लेटर घेऊन हसत जाते आणि सोमवारी येत नाही. फोन केला तर उचलतो भाऊ किंवा नवरा. "न्यायला-आणायला कोणी नाही ओ मॅडम." संपला विषय.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे. त्याचा फायदा झालाच, मला नाकारायचं नाही. पण नोकरीच्या बाबतीत तिकिटापेक्षा वेळापत्रक जास्त महत्त्वाचं, असं माझं मत होत चाललंय. जी गाडी येतच नाही तिचं अर्धं तिकीट म्हणजे शून्याचा निम्मा.

तुमचा, तुमच्या आईचा, बहिणीचा, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा काय अनुभव? प्रवासामुळे नोकरी मिळाली, सुटली, बदलली? राजकारण नको, अनुभव हवेत.

ढगाआड

"राजकारण नको" असं लिहिलंत की पाचव्या प्रतिसादात येतंच. चणे-फुटाणे घेऊन बसलो आहे.

कल्याणची_सून

चांगला धागा. माझं उत्तर सरळ आहे: लोकल नसती तर मी घरी बसले असते. माहेर आणि सासर दोन्हीकडे नोकरीला विरोध नव्हता, पण कौतुकही नव्हतं. मी फोर्टमध्ये नोकरी करू शकले कारण ठरलेल्या वेळेला गाडी होती, लेडीज डबा होता आणि त्यात रोजच्या बायका होत्या. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणहूनही. आमच्या ग्रुपमधल्या थोरल्या बायका त्या दिवसांबद्दल असं बोलतात जणू त्यांचंच लग्न होतं.

गाडीत मेथी निवडायची, हळदीकुंकू करायचं, भिशी फोडायची. बाहेरचे लोक याची गंमत करतात. पण मेथी गाडीत निवडून झाली तरच साडेसातला पोळ्या होतात, हे गणित गंमत करणाऱ्यांना कळत नाही.

एक मात्र आहे. स्टेशनपर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न लोकल सोडवत नाही. शेअर रिक्षाची रांग रात्री नऊला कशी असते ते डोंबिवली-कल्याणवाल्यांना सांगायला नको.

भाऊसाहेब_नगरकर

मत थोडं कडू आहे, राग मानू नये. 'गाडी नाही' हे सांगायचं कारण आहे. खरं कारण, घरच्यांना पाठवायचं नसतं. आमच्याकडे कांदा लागवडीला, काढणीला याच बायका पहाटे पाचला पिकअपमध्ये दाटीवाटीनं उभ्या राहून वीस-पंचवीस किलोमीटर जातात. तेव्हा कुणी म्हणत नाही की न्यायला-आणायला कोणी नाही. कंपनीत जायचं म्हटलं की लगेच गाडी आठवते. मानसिकता बदला, गाड्या आपोआप येतील.

तिखटजाळ

मानसिकता बदलेपर्यंत काय करायचं भाऊसाहेब, चालत जायचं?

भाऊसाहेब_नगरकर

@तिखटजाळ, चालत जायचं असं मी कुठे म्हटलं? उलट सांगतोय की अंतर हा प्रश्नच नाही.

द्राक्षवेल

भाऊसाहेबांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही.

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) कामं सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून बायका येतात. काही सीझनभर मळ्यातच राहतात, जवळच्या गावांतल्या रोज पिकअपनं ये-जा करतात. त्या का येऊ शकतात? कारण त्या एकट्या येत नाहीत. टोळी असते. टोळीत जाऊ असते, नणंद असते, शेजारीण असते. मुकादम त्यांच्याच पाड्यावरचा. गाडीवालाही ओळखीचा. रस्त्यात गाडी बंद पडली तर दहा-पंधरा जणी सोबत असतात. सासूला काळजी नसते, आणि गावाला बोलायला जागा नसते.

रानजाईच्या कंपनीत मुलगी एकटी निघते. फाट्यावर अंधारात एकटी उभी राहते. अंतर कदाचित पिकअपपेक्षा कमी असेल, पण सोबत नाही. मला तरी फरक तिथे दिसतो.

बाकी पिकअपचं कौतुक करू नका. मागे उभं राहून घाटातून येणं काय असतं ते बघितलंय. अपघात झाला की पेपरात 'मजूर महिलांचा टेम्पो उलटला' एवढी चार ओळींची बातमी येते. आणि गाडीभाडं कधी मळेवाला देतो, कधी रोजातून कापतात. उक्तं काम असेल तर तेही मुकादमाच्या मर्जीवर.

रानजाई

@द्राक्षवेल, हे सोबतीचं माझ्या डोक्यात या शब्दांत आलं नव्हतं. आमच्याकडे टिकून राहिलेल्या मुलींची यादी डोळ्यांसमोर आणली तर बऱ्याच जणी एकाच दोन गावांतल्या आहेत. सोमवारी नीट बघते.

आकडेबहाद्दर

या विषयावर बराच अभ्यास झालेला आहे, थोडक्यात मांडतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१७ च्या महिलांविषयीच्या अहवालात जगभरातल्या देशांची पाहणी होती. विकसनशील देशांत बायकांना कामापासून दूर ठेवणाऱ्या गोष्टींत सुरक्षित प्रवासाची सोय नसणं हा सगळ्यात मोठा अडसर निघाला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे बाई श्रमबाजारात असण्याची शक्यता १६.५ टक्के-अंकांनी घटते. लग्न, मुलं, शिक्षण हे सगळं विचारात घेऊनही.

लाहोरचा प्रयोग तर भाऊसाहेब आणि द्राक्षवेल यांच्या वादावरच आहे म्हणा ना. एरिका फील्ड आणि केट विबॉर्नी या दोघींनी नोकरी शोधणाऱ्यांना जाहिरातींसोबत घरून कामापर्यंत व्हॅनची सोय देऊ केली. काहींना फक्त बायकांची व्हॅन, काहींना स्त्री-पुरुष एकत्र. फक्त बायकांची व्हॅन असेल तिथे बायकांचे अर्ज दुपटीहून जास्त झाले. एकत्र व्हॅनचा परिणाम जवळपास शून्य. म्हणजे गाडी दारात आली एवढ्यानं भागलं नाही, गाडीत कोण बसलंय हेही मोजलं गेलं.

दिल्लीत गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलींवर अभ्यास केला. रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली हातात असलेलं चांगलं कॉलेज सोडून खालच्या दर्जाचं कॉलेज निवडतात. मुलगे असं करत नाहीत. नोकरीचा प्रश्न खरं तर तिथूनच सुरू होतो.

रिकामटेकडा_अभियंता

आकडेबहाद्दर आले, आता धागा शंभरी गाठणार.

एक शंका. श्रमबल सर्वेक्षणात तर बायकांचा कामातला सहभाग वाढलेला दिसतो. २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. मग बसच्या नावानं रडणं कशाला?

आकडेबहाद्दर

@रिकामटेकडा_अभियंता, आकडे बरोबर, १५ वर्षांवरच्या बायकांचे. पण वाढ कुठे झाली ते बघा. मोठा भाग ग्रामीण भागातला, स्वतःच्या शेतात, गोठ्यात, घरच्या दुकानात. त्यातल्या पुष्कळ जणी घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून मोजल्या जातात. ज्या कामाला बस लागत नाही ते काम वाढलं, एवढाच अर्थ मी त्यातून काढेन.

निवृत्त_वाहतूक

नमस्कार. मी सहसा वाचनमात्र असतो, पण हा विषय माझ्या घरचा. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो.

रानजाईताई ज्या पहाटेच्या गाडीबद्दल बोलतायत ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघते, गावात रात्र काढते आणि पहाटे साडेपाच-सहाला तीच परत फिरते. दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टात तारीख असलेले, दवाखान्याचे, आणि कामाला जाणाऱ्या बायका. गावाला तिची किंमत ती बंद झाल्यावर कळते.

आता आमच्या बाजूचं गणित. गाडी रात्रभर उभी, म्हणजे तेवढा वेळ ना किलोमीटर ना उत्पन्न. आमच्याकडे सगळं भारमानावर चालतं. किती आसनं भरली त्याची टक्केवारी. पहाटे येताना गाडी गच्च, पण आदल्या संध्याकाळी जाताना निम्मी रिकामी. सरासरी काढली की कागदावर फेरी तोट्याची. त्यात गाड्याच कमी. एकेकाळी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या. २०२१-२२ चा लांबलेला संप, जुन्या गाड्या भंगारात, नव्या यायला उशीर, असं होत आकडा १५ हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी पडल्या की पहिली कात्री आतल्या गावांच्या फेरीला. लांब पल्ल्याची गाडी कोण बंद करेल?

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आता वाहक म्हणून मुली बऱ्याच आल्यात. हुशार आहेत, हिशेबाला चोख. पण मुक्कामी ड्युटी त्यांना देता येत नाही. गावात झोपायचं कुठे? चालक-वाहकाची सोय ग्रामपंचायतीनं करायची अशी पद्धत, प्रत्यक्षात देवळाचा ओटा नाहीतर गाडीतलंच बाकडं. संडासाचं विचारूच नका. ड्युटी चार्ट लावणाऱ्याची त्यात ओढाताण होते आणि मुक्कामी फेरी रद्द करायला अजून एक कारण मिळतं.

तिखटजाळ

म्हणजे बाईला कामाला नेणारी गाडी बंद, कारण त्या गाडीवर काम करणाऱ्या बाईला संडास नाही. निवृत्तकाका, दंडवत. एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

अनामिका७

मानव विकासच्या निळ्या गाड्यांबद्दल (सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या एसटी) कुणी बोललं नाही. आमच्याकडे (मराठवाडा) त्या शाळेच्या वेळेला येतात. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. माझ्या दोन्ही चुलत बहिणी त्या गाडीमुळेच बारावी झाल्या, नाहीतर सातवीलाच घरी बसल्या असत्या. गावातली शाळा तेवढीच होती.

पण बारावीचा निकाल लागला की गाडी संपली. कॉलेजला, कोर्सला, नोकरीला जायचं तर टमटम. टमटम भरल्याशिवाय निघत नाही आणि पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं. मुलगी बसणार कुठे? थोरलीचं लग्न त्याच वर्षी झालं. धाकटी आता अंगणवाडी मदतनीस आहे. ती म्हणते, गावातच आहे म्हणून हे काम मिळालं.

आकडेबहाद्दर

@अनामिका७, बिहारमध्ये २००६ ला नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नावनोंदणी जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं वाढलेली निघाली, आणि जास्त फरक शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. तिथेही नंतरचं कोडं तेच: दहावीनंतर ती सायकल कुठे जाते?

ढगाआड

सायकल भाऊ घेऊन जातो.

(हलके घ्या. पण खरं आहे.)

बंगळुरी_भाकरी

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना. साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या बायकांना प्रवास फुकट, शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. सुरुवातीला टीव्हीवर धर्मस्थळाला जाणाऱ्या गर्दीचीच दृश्यं, त्यामुळे आमच्या ऑफिसातले पुरुष वैतागले. पण पीण्या, म्हैसूर रोड या भागातल्या गारमेंट कारखान्यांतल्या बायकांशी बोलून बघा. आधी फॅक्टरीची पायरी चढायला महिन्याच्या पगारातला बराच तुकडा बसला जायचा. आता तो घरी राहतो. माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी अक्का आधी चालत जाण्याच्या अंतरातलीच कामं धरायची. आता दोन बस बदलून जास्त पैसे देणाऱ्या सोसायटीत जाते. मला सोडून गेली हा भाग वेगळा.

तर रानजाई, तिकीट महत्त्वाचं नाही असं सरसकट म्हणू नका. जिथे गाड्या भरपूर आहेत तिथे तिकीटच आडवं येतं.

रानजाई

@बंगळुरी_भाकरी, मान्य. शहर आणि खेडं यात फरक करायला हवा होता. आपल्याकडे गंमत अशी की अर्धं तिकीट एसटीत आहे, पुण्याच्या शहर बसमध्ये नाही. म्हणजे पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईला रोजच्या सिटी बसला पूर्ण भाडं, आणि मी शिवनेरीनं मुंबईला गेले तर अर्धं.

पेठेतला_पुणेकर

आमच्याकडे तेजस्विनी आहे की. पीएमपीनं २०१८ च्या महिला दिनाला सुरू केलेली, फक्त महिलांसाठी. रस्त्यात कधी दिसली तर हात जोडावेत.

आणि मंडळी, पुरुषांनी काय घोडं मारलंय? आमचंही तिकीट अर्धं करा. मीही कर भरतो.

कल्याणची_सून

आलं बघा. ढगाआड, पाचव्या नाही, पण आलं.

@पेठेतला_पुणेकर, दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ ला, भाऊबीजेच्या दिवशी, बायकांचा बसप्रवास फुकट झाला तेव्हाही हाच प्रश्न होता. तुमच्या घरात दुचाकी एक असेल तर ती कोण नेतं? घरातली गाडी पुरुषाकडे आणि बस बाईकडे, असं वाटप बहुतेक घरांत आधीच झालेलं असतं. बसचं तिकीट कमी झालं की ते कुणाच्या वाट्याला येणार?

पेठेतला_पुणेकर

माझ्या घरात दुचाकी दोन आहेत. दोन्ही पंक्चर आहेत. पण मुद्दा पोचला.

फोंडेकर

गोव्याहून. आमच्याकडे प्रश्न दुचाकीनं सोडवला, निदान ज्यांना परवडते त्यांच्यापुरता. गोव्यात कुठल्याही गावात उभे राहा, स्कूटरवरून जाणाऱ्या बायका मोजून थकाल. शिक्षिका, नर्स, बँकवाल्या, मासे विकणाऱ्यासुद्धा. माझी आई पन्नाशीत शिकली. कारण काय, तर खाजगी बसेस संध्याकाळ झाली की कमी होत जातात, साडेसात-आठनंतर आतल्या गावाला जायचं तर पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) नाहीतर ओळखीचा कोणी. ज्या बाईकडे स्कूटर नाही तिची नोकरी शेवटच्या बसच्या वेळेनुसार ठरते. दुकानात सेल्सगर्ल हवी असेल तर मालक आधी विचारतो, राहतेस कुठे.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंपन्यांच्या बसेस आहेत म्हणून तिथे मुली भरपूर दिसतात. पण त्या मुख्य रस्त्यानं जातात. वाड्यावरची, म्हणजे आतल्या वस्तीतली, मुलगी तिथपर्यंत भावाच्या मागे बसूनच येते.

रिकामटेकडा_अभियंता

स्कूटरवरून आठवलं, दोन्ही पाय जमिनीला घासत ब्रेक लावणाऱ्या...

तिखटजाळ

वाक्य पूर्ण करू नका. तुमच्या भल्यासाठी सांगते.

वहिनीसाहेब_कोल्हापूर

हसू द्या, पण स्कूटीनं आमच्याकडे जे केलं ते कुठल्या योजनेनं नाही केलं. मी लग्नानंतर शिकले. नवऱ्यानं शिकवायला घेतलं, पहिल्याच वळणावर भांडण. मग शेजारच्या काकूंनी शिकवलं, केएमटीच्या थांब्यामागच्या मैदानात. लायसन्स काढलं, तोंडाला स्कार्फ बांधला, आणि एका पतसंस्थेत लागले. आधी वडापनं जायचे तेव्हा निघण्याची वेळ माझ्या हातात नव्हती. सहा माणसं झाली की गाडी सुटणार. कधी उशीर, कधी खाडा. स्कूटी आल्यावर पोराला शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन, मधे सासूबाईंचं औषध आणून, सगळं एका फेरीत बसतं. पुरुष घर ते ऑफिस जातो आणि येतो. बाईचा रस्ता असा सरळ नसतो, चार ठिकाणी थांबत जातो. बसमध्ये प्रत्येक थांब्याला नवं तिकीट.

पण कर्ज माझ्या नावावर मिळालं नाही, नवऱ्याच्या नावावर मिळालं. हप्ता मी भरला.

शिरीष_दम्माम

सौदीत बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. २४ जून २०१८ पासून इथे बायका गाडी चालवू लागल्या. त्याआधी नोकरी करणाऱ्या बाईच्या पगारातला मोठा भाग ड्रायव्हरवर जायचा, म्हणून कमी पगाराची नोकरी परवडायचीच नाही. आता दुकानाच्या काउंटरवर, रिसेप्शनला, सगळीकडे स्थानिक बायका दिसतात. अर्थात नियम एकट्या गाडीचे बदलले नाहीत. पुरुष पालकाच्या परवानगीचे, दुकानांत स्थानिकांना नेमण्याचे नियमही त्याच काळात बदलले. त्यामुळे श्रेय स्टिअरिंगला किती द्यायचं यावर ऑफिसात अजून वाद चालतो.

रातराणी

रात्रपाळीवर कुणीच बोललं नाही. मी पुण्यात एका कॉल सेंटरला होते. कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ काम नको असं कलम १९४८ पासून होतं. आता दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात बाईची संमती असेल तर रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं, पण दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकाची.

कागदावर दार म्हणजे दार. आमच्या कॅबचं दार म्हणजे सोसायटीचा चौक, कारण आत वळायला गाडीला त्रास. रोस्टरमध्ये शेवटचा थांबा मुलीचा नको असा नियम, तर मग सुरक्षारक्षक किंवा एखादा सहकारी शेवटपर्यंत बसणार. तो कंटाळला की मधेच उतरणार. २००७ मध्ये पुण्यात कॉल सेंटरमधल्या मुलीचा कॅबचालकानंच केलेला खून सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे आई मी घरात शिरेपर्यंत जागी असायची. पुढे मी दिवसपाळीची नोकरी घेतली. पगार कमी, आईची झोप नीट.

भाऊसाहेब_नगरकर

वाचतोय सगळं. द्राक्षवेल यांचा सोबतीचा मुद्दा आणि लाहोरचा प्रयोग पटला. तरी एक म्हणणं सोडत नाही. सोबत असली तर सासू पाठवते याचा अर्थ परवानगी सासूचीच लागते. गाडी दिलीत म्हणून परवानगीची गरज गेली नाही, ती मिळणं सोपं झालं एवढंच.

द्राक्षवेल

@भाऊसाहेब, तेवढं झालं तरी मला पुरे. परवानगी मागायची वेळ येऊ नये यासाठी आधी तिच्या हातात पगार यावा लागतो. आणि पगार यायला गाडी.

मानखुर्दची_मंदा

मी जास्त लिहीत नाही. आम्ही रेल्वेच्या कडेला होतो, मुंबईच्या वाहतूक प्रकल्पात झोपडी गेली आणि पक्कं घर मिळालं मानखुर्दला. घर चांगलं आहे, संडास घरात आहे. पण आई ज्या बिल्डिंगमध्ये चार घरची कामं करायची ती आधी चालत दहा मिनिटांवर होती. इकडून बस, लोकल, परत बस. पहिल्या घरी सातला पोचायचं म्हणजे इथून साडेपाचला. आईनं दोन घरं सोडली, मग राहिलेली दोन सोडली. आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच बायकांचं तसंच झालं. आता काहीजणी घरी बसून फुलं ओवतात, इमिटेशन दागिन्यांचं काम करतात. गाड्या चांगल्या चालाव्यात म्हणून आम्हाला हलवलं होतं.

आकडेबहाद्दर

@मंदा, लिहीत जा. याला माझ्याकडे आकड्यांचं उत्तर नाही.

बंगळुरी_भाकरी

तमिळनाडूनं उलटा मार्ग धरलाय: मुलीला रोज आणण्यापेक्षा कामाजवळ ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतल्या बायकांसाठी साडेअठरा हजारांवर खाटांचं वसतिगृह सुरू झालं. लग्नाआधीच्या मुलींना ठीक. पण लेकुरवाळी बाई तिथे कशी राहणार?

रानजाई

सगळ्यांचे आभार. धागा लिहिला तेव्हा मला वाटत होतं की मागणी एकच, पहाटेची गाडी. ती मागणी आहेच. पण वाचून दोन गोष्टी आमच्या हातातल्या आहेत असं दिसलं, त्या वरिष्ठांपुढे मांडल्या.

एक, भरती गावानुसार. एका वाडीतून एकच मुलगी घ्यायची नाही, तीन-चार घ्यायच्या आणि सगळ्यांना एकाच शिफ्टला टाकायचं. मग त्या मिळून रिक्षा लावतात, भाडं वाटलं जातं, फाट्यावर एकटं उभं राहावं लागत नाही. दुसरं, लाइनची पहिली शिफ्ट सातऐवजी साडेसात. मग निदान जवळच्या गावांना उजाडल्यावर निघता येईल.

पहिल्याला होकार आला. दुसऱ्यावर प्रॉडक्शनवाले म्हणतात, अर्ध्या तासानं तिन्ही शिफ्ट सरकतात आणि सेकंड शिफ्टवाल्या मुलींना रात्री अर्धा तास उशीर होतो. त्यांचंही खरं आहे. शिवाय शिफ्ट आठवड्यानं फिरते, तेव्हा चौघींपैकी एकीला दुसऱ्या लाइनला टाकलं की सोबत मोडली. सुपरवायझरला हे पटवायचं बाकी आहे.

निवृत्तकाका, मुक्कामी गाडी परत मागायची तर अर्ज कुणाकडे?

निवृत्त_वाहतूक

आगार व्यवस्थापकांकडे अर्ज, प्रत विभाग नियंत्रकांना. नुसती 'गाडी सुरू करा' अशी मागणी असेल तर फाइलला लागते. तीन कागद जोडा. ग्रामपंचायतीचा ठराव, त्यात चालक-वाहकाच्या राहण्याची आणि संडासची सोय करतो असं स्पष्ट लिहिलेलं. तुमच्या कंपनीचं पत्र, अमुक वेळेला अमुक इतक्या महिला रोज येतील म्हणून. आणि आजूबाजूच्या कंपन्यांची तशीच पत्रं. रोजचे चाळीस प्रवासी कागदावर दिसले की भारमानाची अडचण अर्धी सुटते. मुक्कामी जमत नसेल तर आगारातून पहाटेची पहिली गाडी त्या गावावरून वळवून मागा, ते लवकर होतं. शाळा सुरू होताना वेळापत्रक बदलतं, त्याच्या दोन महिने आधी अर्ज पोचला पाहिजे. उशिरा गेला तर पुढच्या वर्षावर.

अनामिका७

काका, ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या सरपंचबाई करतील, पण लिहून हवंय.

निवृत्त_वाहतूक

टाकतो. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, रविवारी.

पेठेतला_पुणेकर

तोवर माझ्या दोन पंक्चर दुचाकींपैकी एक कुणाला हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. पंक्चर स्वतः काढून घ्यावं.